कयाकवर न्यायचं खाणं

मेहुण्याचा निरोप आला, की रविवारी तो तलावावर मासे धरायला जाणार आहे, त्याच्या कयाकमध्ये दोघांची जागा आहे, आणि मला यायचं असेल तर खाण्यापिण्याचं तेवढं मी बघावं. निरोप बायकोमार्फत आला. गेली दोन वर्षं त्याचे माझ्यासाठीचे सगळे निरोप तिच्याचमार्फत येत होते. समोरासमोर आलो की तो "हो", "नाही" आणि "चालेल" या तीन शब्दांवर भागवत असे.

कारण अगदी क्षुल्लक होतं, निदान मला तसं वाटतं. मी वजनमापे खात्यात तपासनीस आहे. दुकानांतले काटे बरोबर आहेत की नाहीत हे पाहणं माझं काम. दोन वर्षांपूर्वी मेहुण्याच्या घरी बारा माणसं जेवायला होती, आणि त्यानं स्वतः धरलेल्या आठ किलोच्या माशाचा फोटो सगळ्यांना दाखवला. फोटो फिरत फिरत माझ्याकडे आला. मी सहज म्हणालो, "शर्टाचं बटण साधारण अकरा मिलिमीटरचं असतं. त्या मापानं हा मासा अडीच किलोच्या वर जात नाही." माझ्या मनात काही नव्हतं. एखादा वैद्य जेवताना समोरच्याची नाडी बघतो, तसंच ते. पण लोक हसले, आणि ते बराच वेळ हसत राहिले.

"तो आपणहून बोलावतोय," बायको म्हणाली. "आता तुम्ही फक्त नीट वागा. आणि खायला काहीतरी साधंसंच न्या."

खाणं साधंसं न्यायचं, हे ठीक. पण साधं म्हणजे काय, हे कोणी ठरवायचं? ज्यांना कयाक माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो: कयाक म्हणजे प्लॅस्टिकची लांबट, अरुंद होडी. तिच्यात बसायला एकामागे एक दोन खड्डे असतात. त्यात पाय लांब करून बसायचं आणि दिवसभर तसंच राहायचं. उठायचं नाही, वळायचं नाही, मांडी घालायची नाही. हात ओले असतात आणि त्यांना माशांचा वास येत असतो. अशा अवस्थेत माणसानं काय खावं, हा प्रश्न वरवर दिसतो तितका सोपा नाही. मी एक कोरी वही काढली.

आमच्या इमारतीत पाण्यावरचा अनुभव असलेला एकच माणूस आहे. वरच्या मजल्यावर राहतो. त्याला सगळे कप्तान म्हणतात. तो कप्तान कधीच नव्हता. नदीच्या या काठावरून त्या काठावर जाणाऱ्या बोटीवर त्यानं तीस वर्षं तिकिटं फाडली. पण पांढरी टोपी त्यानं अजून जपून ठेवलीय, आणि सल्ला मागितला की आधी ती घालून येतो.

"पाण्यावर माणसाला जमिनीच्या दुप्पट भूक लागते," कप्तान म्हणाला. "हे शास्त्र आहे. जेवढं वाटतंय त्याच्या दुप्पट घे, आणि मग वर थोडं घे."

"किती वेळाचा प्रवास असायचा तुमचा?" मी विचारलं.

"अकरा मिनिटांचा. पण त्या अकरा मिनिटांत लोक काय काय खायचे, ते मी पाहिलंय ना!"

त्यानं अंडी सांगितली. उकडून, सोलून. अंड्याचा चुरा पडत नाही, ते एका हातानं खाता येतं आणि होडी हलली तरी सांडत नाही. मी वहीत लिहून घेतलं. मग त्यानं शेंगदाणे, खजूर, चीज, बिस्किटं, ब्रेड, लिंबाचं सरबत आणि गरम कॉफी सांगितली. मी सगळं लिहून घेतलं. जाताना तो म्हणाला, की एवढं सगळं नेणार असशील तर होडी बुडेल. हेही मी लिहून घेतलं.

तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई जिन्यात भेटल्या. त्यांना वही दाखवायची मला काही गरज नव्हती. पण हातात वही असलेला माणूस ती कुणाला तरी दाखवतोच. त्यांनी चष्मा वर केला आणि पेन्सिल मागितली.

"शेंगदाण्यानं दाढ तुटते. गेल्याच आठवड्यात एक आली होती. खजूर चिकटून बसतो. बिस्किटाचा लगदा फटीत जातो. लिंबाच्या सरबतानं वरचा थर झिजतो." त्या एकेका ओळीवर काट मारत खाली येत होत्या. "काकडी न्या. काकडीनं कुणाचं वाईट झालेलं मी पाहिलेलं नाही."

"फक्त काकडी?"

"मीठ लावू नका."

आता दोन तज्ज्ञांची मतं जुळत नसतील, तर प्रयोग करावा, असं मी मानतो. कपाटाचा सगळ्यात खालचा मोठा खण मी बाहेर काढला, त्यातले लोकरीचे कपडे पलंगावर टाकले, आणि तो पॅसेजमध्ये ठेवला. लांबी-रुंदी कयाकच्या खड्ड्याएवढीच भरली, मी टेप लावून पाहिली होती. त्यात पाय लांब करून बसलो. झाडूचं वल्हं केलं. खाण्याची पिशवी पाठीमागे ठेवली. आणि मग बसल्या जागेवरून, न वळता, खायला सुरुवात केली.

प्रयोगातून पुष्कळ शिकायला मिळालं. ब्रेडच्या कडांचा चुरा पडतो. कडा काढल्या तर पडत नाही. शेंगदाणे ओल्या हाताला चिकटतात आणि तोंडापर्यंत दहातले चारच पोचतात. थर्मासचं झाकण दोन गुडघ्यांत धरलं तर कॉफी ओतता येते, पण त्याच वेळी वल्हं हातात असू नये. कॉफी नेमकी कुठे सांडली, ते मी इथे लिहीत नाही. मी उठायला गेलो तेव्हा खणाचा तळ निसटला, आणि मी कमरेपर्यंत त्या चौकटीत अडकलो. दार उघडंच होतं. डॉक्टरीणबाई हातात दोन काकड्या घेऊन उभ्या होत्या.

"तुमच्यासाठीच आणल्या होत्या," त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडे न बघता काकड्या चपलांच्या कपाटावर ठेवून निघून गेल्या.

बायकोनं कप्तानला बोलावलं. तो टोपी घालूनच आला. दोघांनी मला बगलेत धरून वर ओढलं. कप्तान म्हणाला, की तीस वर्षांत बोटीत अडकलेला माणूस त्यानं बघितला नव्हता, आज कोरड्या जमिनीवर बघितला. पुढे आठवडाभर इमारतीत माणसं मला थांबवून "कसं चाललंय?" असं जरा जास्तच आपुलकीनं विचारत होती.

पिण्याचा प्रश्न त्याहून नाजूक. उन्हात दिवसभर बसायचं तर पाणी प्यायला हवं. पाणी प्यायलं की त्याचे पुढचे परिणाम होणार. आणि कयाकमध्ये उठायचं नाही, हे वर सांगितलंच आहे. मी कचेरीत चार दिवस घड्याळ लावून तपासलं: एक पेला घेतल्यापासून जागेवरून उठावं लागेपर्यंत माझ्याकडे एक तास दहा मिनिटं असतात. कॉफी असेल तर पस्तीस. बायकोला म्हणालो, "त्याला विचार, मध्ये कुठे उतरायची सोय आहे का."

तिनं फोन लावला. बोलली, ऐकलं, फोनवर हात ठेवला. "तो विचारतोय, कशासाठी."

"सहज म्हणून सांग."

ती पुन्हा बोलली. "तो म्हणतोय, काठाला झाडं आहेत."

तर मग परवाना. या तलावाचं पाणी शहराच्या नळांना जातं, म्हणून तलावावर जाणाऱ्यानं जलाशय कचेरीत अर्ज करावा लागतो. मेहुण्याचा गळाचा परवाना होता. खाण्याचा अर्ज खाणं नेणाऱ्यानं करायचा. अर्जात नववा रकाना असा होता: 'सोबत नेत असलेले खाद्य व पेय पदार्थ, नग व वजनासह'. खरं सांगतो, मला बरं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदाच एखाद्या सरकारी अर्जात मला आवडेल असं काहीतरी विचारलं होतं. मी घरी काटा लावून सगळं मोजलं आणि ग्रॅमपर्यंत लिहिलं.

खिडकीमागच्या बाईंनी अर्ज वाचला. मग पुन्हा वाचला.

"अंडी सहा, तीनशे अठरा ग्रॅम?"

"सोललेली आहेत."

"एवढं अचूक कोणी लिहीत नाही हो. अंदाजे लिहा."

"मला अंदाजे लिहायची सवय नाही."

"मग वजनाचा दाखला जोडा. अचूक वजन असेल तर दाखला लागतो."

"दाखला कोण देतं?"

"वजनमापे खातं."

"मी वजनमापे खात्यातच आहे," मी जरा ताठ होऊन म्हणालो.

"मग तर तुमचा चालणार नाही. स्वतःचा दाखला स्वतःला कसा देणार?"

हा नियम योग्यच आहे, माझ्याही खात्यात तो आहे. त्यामुळे मला वाद घालता आला नाही. मी कचेरीत परतलो आणि माझ्या हाताखालच्या सहायकाकडे रीतसर अर्ज केला. हाच तो सहायक, ज्याच्या उशिरा येण्याबद्दल मी गेल्या महिन्यात शेरा लिहिला होता. त्यानं मला दोन दिवस फेऱ्या मारायला लावल्या. अंडी समक्ष आणायला सांगितली. तीन काकड्या स्वतःच्या काट्यावर ठेवून, चष्मा पुसून, पुन्हा ठेवून मोजल्या. मला वाटतं, त्याच्या नोकरीतला तो सगळ्यात आनंदाचा दिवस असावा.

दाखला घेऊन खिडकीवर गेलो तेव्हा बाईंनी पेयांवर बोट ठेवलं. "पाणी. कुठलं?"

"घरच्या नळाचं."

"म्हणजे या तलावाचंच. तलावाचं पाणी तलावावर न्यायचं म्हणजे ती जलवाहतूक झाली. त्याला वेगळा अर्ज, दुसऱ्या मजल्यावर. साहेब रजेवर आहेत."

मी थोडा विचार केला. "पाणी खोडून सरबत लिहिलं तर?"

"सरबत चालेल."

"सरबतात पाणीच असतं."

बाईंनी माझ्याकडे असं बघितलं, की त्यांना घरी जायला उशीर होतोय हे मला समजलं. "मला विचारू नका," त्या म्हणाल्या. "मला सांगूही नका." शिक्का मारला. खाली लाल अक्षरात दोन ओळी छापलेल्या होत्या: नेलेले पदार्थ परतताना फाटकावर मोजून द्यावेत, जलचरांना खाद्य घालू नये.

शनिवारी संध्याकाळी मेहुणा पेयं गार ठेवायचा डबा द्यायला आला. आत ये म्हटलं तरी आला नाही, दारातच उभा राहिला. "पेयं यात," एवढं म्हणाला आणि गेला. डबा उघडला तर आत वास येत होता. तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक ओलसर पुडी होती. कुणीतरी मागच्या खेपेचं काहीतरी विसरलं असणार. मी ती इमारतीच्या कचरापेटीत टाकून आलो, डबा साबणानं तीनदा धुतला, आणि दोन लिटर सरबत आणि कॉफीचा थर्मास आत बसवला. अगदी बरोब्बर बसला. आपण केलेलं एखादं काम इतकं नेटकं झालंय, याचा आनंद मला फार दिवसांनी मिळाला.

रविवारी सकाळी सातला आम्ही फाटकावर पोचलो. रखवालदार पन्नाशीचा, शांत माणूस होता. त्यानं यादी हातात घेतली आणि सगळं एकेक करून मोजलं. अंडी सहा. कडा काढलेले ब्रेडचे चौदा तुकडे. चीजची वडी एक. बी काढलेला खजूर, वीस. काकड्या तीन. मेहुणा वल्ही खांद्यावर घेऊन बाजूला उभा होता. त्यानं वल्ही दोनदा या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

कयाकमध्ये मी पुढे, तो मागे. म्हणजे तो माझी पाठ बघणार आणि मी तलाव. पिशवी आणि डबा आम्हा दोघांच्या मध्ये, माझ्या पाठीमागे. माझ्या प्रयोगात ती हाताला येत होती. पण प्रयोगात मी लाइफ जॅकेट घातलं नव्हतं. आता माझा हात फक्त खांद्यापर्यंत जात होता. म्हणजे एक खजूर खायचा तरी मला मेहुण्याकडे मागावा लागणार. दोन वर्षांनी बोलायची सुरुवात "जरा खजूर दे" अशी करावी, हे मला बरं वाटेना. मी उपाशी राहिलो.

तासभर वल्हवून आम्ही तलावाच्या मध्यावर आलो. पाणी स्थिर होतं. लांबवर एक बदक होतं. मागून डबा उघडल्याचा आवाज आला. मग बाटल्या हलवल्याचा. मग त्या पुन्हा हलवल्याचा.

"पुडी कुठाय?" मेहुणा म्हणाला.

"कसली पुडी?"

"डब्यात होती. कागदात."

मला एकदम सगळं समजलं. पण सरकारी नोकरीत माणूस लगेच कबूल होत नाही. "काय होतं तिच्यात?"

"गांडुळं. शुक्रवारी दोन तास खणत होतो."

"मला वाटलं, काहीतरी सडलंय."

"गांडुळांना तसाच वास येतो."

"मी डबा तीनदा धुतला," मी म्हणालो. का म्हणालो, माहीत नाही.

मी तलाव बघत राहिलो. परत जाऊन यायचं तर तीन तास जाणार. शेवटी मागून पिशवीची चेन ओढल्याचा आवाज आला. "यातलं काहीतरी चालतंय का बघू," तो म्हणाला.

आधी ब्रेड. ब्रेड पाण्यात पडताच सुटून गेला. मेहुणा म्हणाला की कडा असत्या तर गळाला धरून राहिल्या असत्या. मी ते ऐकून घेतलं. मग अंडं. अंडं गळाला लावताना फुटलं, दुसरं हातातून सटकलं, तिसऱ्याचा पिवळा भाग एकीकडे आणि पांढरा दुसरीकडे गेला. उरलेल्या तिन्हींची गतही तीच. खजुराकडे मासे फिरकलेच नाहीत. बाकीचा ब्रेड आम्ही आजूबाजूला टाकला, म्हणजे मासे जमतील. मासे जमले. ब्रेड खाऊन गेले. डोळ्यांसमोर तीनशे अठरा ग्रॅम आणि चौदा नग बुडताना बघणं, दाखल्यासकट बघणं, सोपं नसतं. त्यातून पोटात कावळे ओरडत होते.

मग चीज. चीजची गोळी करून लावली, आणि दहा मिनिटांत दोऱ्यावर तरंगणारं बूच बुडालं. गळाची काठी माझ्या हातात होती. ती एवढी वाकली की मी "अरे! अरे!" असं ओरडत सुटलो.

"ढील द्या! ढील द्या! ओढू नका!" मेहुणा ओरडला.

मी ओढलं. कयाक एका बाजूला कलली. मी तोल सावरायला मागे वळलो, जे करायचं नसतं. त्या झटक्यानं पिशवी पाण्यात गेली आणि उघडा डबाही कलंडला. झाकणं निघून सरबत माझ्या पाठीवरून खाली उतरलं, कॉफी होडीच्या तळाशी गेली. मासा होडीच्या अगदी जवळ वर आला. मोठा होता, अंगावर हिरवट झाक होती. आम्हा दोघांनाही तो नीट दिसला. मग दोरा तुटला.

तलाव पुन्हा पूर्वीसारखा झाला. फक्त तीन काकड्या तरंगत तीन दिशांना चालल्या होत्या.

"काकड्या!" मी ओरडलो. "मोजून द्यायच्यात!"

पुढचा अर्धा तास आम्ही काकड्यांचा पाठलाग केला. जवळ गेलं की वल्ह्याच्या लाटेनं त्या पुढे सरकायच्या. पहिली मी धरली, दुसरी मेहुण्यानं. तिसरीकडे ते बदक आधी पोचलं. बदकाशी हुज्जत घालण्यात अर्थ नव्हता. मेहुण्यानं वाकून पिशवी ओढून घेतली. ती रिकामी होती; त्यातलं उरलेलं चीज आणि खजूर मासे टिपत होते. आम्ही दोघं दमून थांबलो. काकड्या खायच्या, तर फाटकावर दाखवायला तेवढ्याच उरल्या होत्या.

"किती असेल तो?" मागून आवाज आला.

मी विचार केला. बायकोनं नीट वागायला सांगितलं होतं. "पाण्यातल्या वस्तूचा अंदाज मी देत नाही," मी म्हणालो. "पाण्यात वस्तू खरी दिसत नाही."

मेहुणा हसला. लहानसंच हसला, पण मला पाठीला ते समजलं. थोड्या वेळानं तो म्हणाला, "तो तेव्हाचा मासा तीन किलो होता."

"मी अडीच म्हणालो होतो."

बोलून गेलो आणि लगेच जीभ चावली. दहा मिनिटं त्यानं वल्हं मारलं नाही. माझ्या पाठीवरचं सरबत वाळत होतं आणि त्यावर माश्या बसायला लागल्या होत्या. समोर फक्त पाणी होतं, त्यामुळे बोलणं त्या मानानं सोपं गेलं.

"जेवायला बसलेल्या लोकांसमोर मी ते बोलायला नको होतं," मी म्हणालो.

"हो."

"आणि बटण अकरा मिलिमीटरचंच असतं, असंही नाही. शर्ट भारीतला असेल तर बारा."

"भारीतलाच होता," तो म्हणाला, आणि वल्हवायला लागला.

फाटकावर रखवालदारानं यादी उघडली. काकड्या दोन. थर्मास एक, रिकामा. त्यापुढे त्याचं बोट एकेका ओळीवर थांबत गेलं.

"अंडी?"

"नाहीत."

"टरफलं?"

"सोलून नेली होती."

"चौदा ब्रेड, एवढं चीज, वीस खजूर... कुठे गेलं सगळं?"

खोटं बोलणं मला जमत नाही, हे मी मोठेपणा म्हणून सांगत नाही. ती एक अडचण आहे. "माशांना गेलं," मी म्हणालो.

रखवालदारानं यादी खाली ठेवली. "जलचरांना खाद्य घातलं म्हणजे दोघांचे परवाने वर्षभर बंद. यांचासुद्धा." त्यानं मेहुण्याकडे बोट केलं. मेहुणा दर रविवारी या तलावावर येतो, गेली सात वर्षं. त्याचा चेहरा पडला. रखवालदारालाही ते नको असावं. त्यानं पेन पुढे केलं. "इथं फक्त लिहा, 'आम्ही खाल्ले'. मी काय बघायला आलो होतो?"

मी पेन घेतलं. आणि हात चालेना.

"यांच्याकडून ते होणार नाही," मेहुणा म्हणाला. "हे माझे भाऊजी आहेत. वजनमापे खात्यात आहेत. यांच्याकडून चुकीचं काही लिहून घेणं आजवर कुणाला जमलेलं नाही. मी माझ्याच घरात, बारा माणसांसमोर भोगलंय."

भाऊजी हा शब्द मी दोन वर्षांनी ऐकला. पेन हातात धरून मी त्या रकान्याकडे बघत होतो, तोच माझ्या लक्षात आलं की रकान्याचं शीर्षक फक्त 'पदार्थांचे काय झाले' असं आहे. मी लिहिलं: 'बाकीचे सर्व खाद्यपदार्थ खाल्ले गेले.' खाली सही केली.

रखवालदारानं वाचलं. "कोणी खाल्ले ते नाही लिहिलं."

"रकान्यात ते विचारलेलं नाही," मी म्हणालो.

त्यानं रकाना पाहिला. कागद उलटा करून पाठीमागेही पाहिलं. मग शिक्का मारला. त्याच क्षणी माझ्या पोटातून एवढा मोठा आवाज आला, की रखवालदार शिक्का हातातच धरून माझ्याकडे बघू लागला.

"तुम्ही मात्र काहीच खाल्लेलं दिसत नाही," रखवालदार म्हणाला. तो आत गेला आणि पत्र्याचा डबा घेऊन आला. डब्यात चार उकडलेले बटाटे होते आणि कागदात थोडं मीठ. "घ्या. अकरा वर्षं रोज हेच आणतो मी."

"कंटाळा नाही येत?" मी विचारलं.

"येतो ना. पण काय न्यायचं, याचा विचार करावा लागत नाही."

आम्ही फाटकाच्या पायरीवर बसलो. हात धुवायचं कुणाला सुचलं नाही. माझ्या पाठीला सरबताचा वास येत होता आणि मेहुण्याच्या हातांना चीजचा. पहिला बटाटा दोघांत मिळून कधी संपला ते समजलंच नाही. दुसरा आम्ही दोघांनी सावकाश खाल्ला, सालीसकट. रखवालदाराच्या वाट्याला दोन राहिले. पुरतील का, असं मी विचारलं, तर तो म्हणाला की संध्याकाळी घरी आहेच.

घरी पोचलो तेव्हा बायको दारातच वाट बघत होती. तिनं आधी माझ्या शर्टाकडे बघितलं, मग भावाकडे, मग दोघांच्या चेहऱ्यांकडे. मासा कुठे आहे, हे तिनं विचारलं नाही. आठवडाभर घरात ज्याची चर्चा चालली होती तेच तिनं विचारलं.

"काय काय खाल्लंत?"

"बटाटा," आम्ही दोघं एकदमच म्हणालो, आणि हसायला लागलो. ते हसू काही केल्या थांबेना. कप्तान वरून वाकून बघू लागला.

"बटाटा मी दिलाच नव्हता," बायको म्हणाली. ती एकदा माझ्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होती. तोवर मेहुणा बूट काढून आत शिरला होता, आणि जेवायला काय आहे, असं स्वयंपाकघरातून ओरडून विचारत होता.